नाकाचं चित्र कुणी नेलं?

"कोण, मी?" असं विचारताना आपला हात आपोआप छातीकडे जातो. जपानी किंवा चिनी माणसाचं बोट अशा वेळी बरेचदा सरळ नाकाकडे जातं. जपानी टीमबरोबर मीटिंगमध्ये बसलेल्या मंडळींनी हे पाहिलं असेल. आणि ज्यांनी थोडीफार कांजी गिरवली आहे, त्यांनी त्याबरोबर येणारी गोष्टही ऐकली असेल. 'स्वतः' या अर्थाचं जे चिनी अक्षर आहे, ते मुळात नाकाचं चित्र आहे. का? तर लोक 'मी' म्हणताना नाक दाखवतात म्हणून!

गोष्ट गोड आहे आणि निम्मी खरी आहे. चित्र नाकाचंच आहे, त्यात वाद नाही. पण उरलेली निम्मी गोष्ट बोटापेक्षा कानाची जास्त आहे, आणि माझ्या मते तीच जास्त मजेदार आहे. 'चिनी लिपी म्हणजे नुसती चित्रं, उच्चाराशी तिचा काही संबंध नाही' असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. या एका नाकाचा पाठलाग केला तरी हा समज टिकत नाही. म्हणून या शनिवारी नाक.

कागद-पेन घ्या. एक उभा आयत काढा. आत दोन आडव्या रेघा मारा, म्हणजे तीन खणांचं कपाट झालं. हे झालं 'डोळा' या अर्थाचं अक्षर. आता कपाटाच्या माथ्यावर डावीकडे झुकलेली एक छोटी तिरकी रेघ द्या. सहा फटकाऱ्यांत 'स्वतः' तयार. डोळ्याशी त्याचं नातं मात्र काही नाही, फक्त म्हातारपणी दोघांचे चेहरे सारखे झालेत. आजच्या पेइचिंगमध्ये याचा उच्चार साधारण 'त्स' असा, वरून खाली उतरत्या सुरात. हिंदीवाल्यांना तो शिकवावा लागतो, आपल्याला नाही. 'चाक' आणि 'चूल' मधला च म्हणा आणि पुढचा स्वर दातांमागे नुसता घासत ठेवा, झालं काम.

आता तीन हजार वर्षं मागे जाऊ. १८९९ साली पेइचिंगमधले एक बडे विद्वान अधिकारी, वांग यीरोंग, यांच्या लक्षात आलं की औषधाच्या दुकानांत 'ड्रॅगनची हाडं' म्हणून विकल्या जाणाऱ्या हाडांवर जुनी अक्षरं कोरलेली आहेत. त्या हाडांचा माग पुढे हनान प्रांतातल्या आन्यांगपर्यंत लागला. ही शांग घराण्याची शेवटची राजधानी. तिथे १९२८ पासून रीतसर उत्खनन झालं. राजाला काही विचारायचं असलं की बैलाच्या खांद्याचं हाड किंवा कासवाचं कवच तापवायचं, त्याला तडे गेले की त्यावरून कौल लावायचा, आणि प्रश्न तिथेच कोरून ठेवायचा. पाऊस पडेल का, लढाईला जाऊ का, दात दुखतोय तो कुठल्या पूर्वजाच्या कोपामुळे, असे सगळे प्रश्न. अगदी आपल्या देवळातल्या कौलासारखं.

या हाडांवर आपलं अक्षर भेटतं तेव्हा ते स्पष्ट नाक असतं: वर नाकाचा दांडा, खाली फुगलेल्या दोन नाकपुड्या. काही ठिकाणी ते खरोखर नाकाबद्दलच आहे. नाकाला झालेल्या दुखण्यामुळे काही अनिष्ट होईल का, असा प्रश्न विचारलेला सापडतो. पण गंमत बघा. त्याच हाडांवर हे चिन्ह सर्वात जास्त येतं ते वेगळ्याच कामासाठी. 'अमुक ठिकाणाहून', 'अमुक दिवसापासून' यातल्या 'पासून'साठी! म्हणजे लिपीचा सर्वात जुना मोठा साठा आपल्या हाती येतो, तेव्हाच नाकाचं चित्र अर्धंअधिक दुसऱ्याच्या नोकरीला लागलेलं आहे.

असं का व्हावं? समजा, तुम्हाला चित्रांनीच मराठी लिहायची आहे. 'हात' सोपा आहे. पण 'टॅक्स' या अर्थाचा 'कर' कसा काढणार? त्याचं चित्र निघत नाही. मग तुम्ही शक्कल लढवता: 'कर' म्हणजे हातसुद्धा, तेव्हा हाताचंच चित्र काढू, वाचणारा वाचेल 'कर'. त्या क्षणी चित्राचं अक्षर झालं, कारण ते आता डोळ्यांऐवजी कानाशी बोलतंय. पण एक भानगड झाली. हाताच्या दुखण्यापेक्षा टॅक्सबद्दल लिहायची वेळ माणसावर जास्त येते. हळूहळू लोक त्या चित्राला टॅक्सच समजायला लागतात आणि बिचाऱ्या हातावर बेघर व्हायची पाळी येते. व्हेरिएबल एकच, आणि नंतर आलेल्याने त्यात आपली किंमत भरून टाकली, तसं.

चिनी लिपीत शरीराच्या अवयवांवर हे संकट वारंवार आलंय. कमरेचं चित्र 'हवं असणे, महत्त्वाचं असणे' या शब्दाने नेलं. काखेचं चित्र (उभा माणूस आणि दोन्ही काखांत एकेक ठिपका) 'सुद्धा' या अर्थाच्या शब्दाने नेलं. पाठीला पाठ लावून बसलेली दोन माणसं होती, ती 'उत्तर दिशा' झाली. पेइचिंगमधला 'पेइ' तोच. आणि नाकाचं चित्र 'पासून' आणि 'स्वतः' यांनी नेलं.

मग बेघर झालेल्यांचं काय? त्यांना नवीन घरं बांधून दिली. कमरेच्या आणि पाठीच्या जुन्या चित्राला मांसाचं चिन्ह जोडलं. नाकाच्या बाबतीत मात्र जुन्या चित्राखाली आठ फटकाऱ्यांचं एक आख्खं दुसरं अक्षर बसवलं. सहा आणि आठ, एकूण चौदा फटकारे. हे खालचं अक्षर मुळात एका चपट्या फाळाच्या बाणाचं चित्र असावं आणि त्याचा अर्थ 'देणे'. बाणाचा आणि देण्याचा नाकाशी काय संबंध? अर्थाने काहीच नाही. ते तिथे बसलंय ते फक्त उच्चार सांगायला. वरचा मजला सांगतो 'विषय नाकाचा आहे', खालचा मजला सांगतो 'माझ्यासारखं म्हणा'. चिनी अक्षरांपैकी बहुसंख्य अक्षरं अशीच अर्थ अधिक उच्चार या पद्धतीने बनलेली आहेत.

ही खूण अजून चालते का? हाँगकाँगला जाऊन तपासता येतं. तिथल्या कँटनीज भाषेत 'दे' हे रोजच्या वापरातलं क्रियापद 'पेइ', आणि नाकही 'पेइ'. फरक फक्त सुराचा. पेइचिंगच्या बोलीतही दोन्ही 'पी' आहेत, फरक पुन्हा सुराचाच. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी लावलेली पाटी अजून वाचता येते!

नाकाने घर बदललं तरी जुन्या घराच्या भिंतीवर त्याच्या खुणा राहून गेल्या. जुन्या नाकाखाली कुत्रा काढला की 'वास'. (पुढे तो फक्त 'दुर्गंध' झाला, मग हुंगण्यासाठी तोंडाचं चिन्ह जोडून नवं अक्षर करावं लागलं. पुन्हा तेच रडगाणं.) जुन्या नाकाखाली हृदय काढलं की 'श्वास'. यातूनच पुढे विसावा, वाढ, आणि चक्क बँकेचं व्याज. चिनी होम लोनच्या व्याजातसुद्धा एक नाक दडलेलं आहे, बरं का. जुन्या नाकाखाली शिक्षेचं टोकदार हत्यार काढलं की 'गुन्हा'. नाक कापणं ही प्राचीन चीनमधल्या पाच मुख्य शिक्षांपैकी एक. या शेवटच्या अक्षराबद्दल एक नोंद आहे की किन राजवटीत ते बदललं गेलं, कारण ते 'सम्राट' या अक्षरासारखं दिसायचं! त्याच्या जागी मासे पकडायच्या जाळ्याचं अक्षर गुन्ह्याला देऊन टाकलं. इसवी सन पूर्व २२१ मध्ये सगळा चीन एका छत्राखाली आणणाऱ्या राजवटीला एका अक्षराचं दिसणं खुपलं म्हणे.

ही नोंद करणाऱ्या माणसाला भेटायलाच हवं. त्याचं नाव शू शेन. त्याने इसवी सन १०० मध्ये एक शब्दकोश पूर्ण केला, त्यात ९,३५३ अक्षरं होती आणि ती ५४० गटांत लावलेली होती. 'स्वतः'च्या अक्षराखाली त्याने स्वच्छ लिहिलंय की हे नाक आहे, नाकाच्या आकाराचं आहे. त्याने आन्यांगची हाडं कधीच पाहिली नव्हती. ती बाहेर यायला अजून अठराशे वर्षं होती. त्याच्या बऱ्याच व्युत्पत्त्या पुढे चुकीच्या ठरल्या, पण हे नाक बरोब्बर निघालं.

शिवाय तो आणखी एक ओळ टाकून जातो, आणि ती माझ्या दृष्टीने सोन्याची आहे: या 'स्वतः'च्या अक्षराचा उच्चार 'नाक' या शब्दासारखा करावा, आणि लोक पहिल्या मुलाला 'नाक-मूल' म्हणतात. (ते 'नाक-मूल' ज्या दोन अक्षरांनी लिहितात, त्याच दोन अक्षरांचा आजच्या चिनीत अर्थ आहे साधं 'नाक'. आणि कुठल्याही परंपरेच्या आद्य प्रवर्तकाला अजूनही 'नाक-पूर्वज' म्हणतात.) पण थांबा. आज 'स्वतः' आहे 'त्स' आणि नाक आहे 'पी'. एक दातांतला आवाज, दुसरा ओठांतला. यांचा उच्चार एकसारखा कसा असेल?

इथून पुढे डीबगिंग.

इसवी सन ६०१ मध्ये लू फायान याने उच्चारांचा एक कोश केला आणि १००८ मध्ये त्याची वाढीव सरकारी आवृत्ती निघाली. त्यात उच्चार द्यायची युक्ती साधी आहे: दोन ओळखीची अक्षरं द्यायची, पहिल्याची सुरुवात घ्यायची, दुसऱ्याचा उरलेला भाग सुरासकट घ्यायचा. 'गाल' आणि 'पाय' दिले की वाचायचं 'गाय'. या हिशोबाने नाक होतं 'बी', खरा घोष ब, आणि सूर 'जाणारा'. स्वतः होतं 'जी', त्यातला ज 'जवळ' मधला, सूर तोच, 'जाणारा'.

या कोशापासून पेइचिंगपर्यंत यायचे नियम ठरलेले आहेत. घोष आवाजाने सुरू होणारा आणि 'जाणाऱ्या' सुराचा शब्द आज उतरत्या सुरात यायला हवा. 'स्वतः' शहाण्यासारखं तसंच आलं. नाक मात्र आलं चढत्या सुरात! टेस्ट केस फेल.

मग चढता सूर मिळतो कुणाला? घोष आवाजाने सुरू होऊन प, त, क यांपैकी एका बंद आवाजावर संपणाऱ्या शब्दांना. दहा, पांढरा, विष हे शब्द बघा. हाँगकाँगमध्ये त्यांची शेपटी शाबूत आहे: 'सप', 'पाक', 'तुक'. पेइचिंगमध्ये शेपटी गळली, आणि तिघेही चढत्या सुराचे झाले. म्हणजे पेइचिंगचं नाक कधीकाळी 'बी' नसून 'बित' असलं पाहिजे. पुरावा? शांघायला जा. तिथे नाकाचा शब्द आजही घशात झटका देऊन तोडतात. तो झटका म्हणजे गळून पडलेल्या 'त'चा ठसा.

आता कोश काय म्हणतो ते आठवा. १००८ च्या कोशात हा 'बित' नाहीच. लोक तो बोलत होते, पण पंडितांनी घेतला नाही. १३२४ मध्ये झोउ दच्यिंग याने उत्तरेकडच्या नाट्यगीतांसाठी यमकांचा कोश केला. त्याने जुन्या कोशापेक्षा लोकांच्या तोंडावर जास्त भरवसा ठेवला. नाकापाशी आल्यावर त्याची पंचाईत झाली. पुस्तक म्हणतं 'जाणारा' सूर, माणसं बोलतात दुसराच. त्याने काय करावं? 'जाणारा सूर, पण सम सुरात बोलला जाणारा' असा एक वेगळा मथळा केला आणि त्याखाली एकच अक्षर ठेवलं: नाक. आपण कोडमध्ये एका केससाठी वेगळी अट घालून वर कॉमेंट टाकतो ना, अगदी तसं. :)

परदेशी मात्र पुस्तकी उच्चारच गेला. जपानी 'बी' (कान-नाक-घशाच्या डॉक्टरचा विभाग 'जिबिका', त्यातला मधला 'बि' म्हणजे नाक), कोरियन 'पि', व्हिएतनामी 'ति'. कुणाच्याही शेवटी 'त'ची शेपटी नाही. म्हणजे दोन नाकं एकाच वेळी नांदत होती, एक 'बित' आणि एक 'बी'.

दोन का? याचं उत्तर मिळायला १९५४ उजाडावं लागलं. आंद्रे-जॉर्ज ओद्रिकूर या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने मांडलं की चिनीतला 'जाणारा' सूर मुळात सूर नव्हताच. शब्दाच्या शेवटी 'स' होता, तो झिजून झिजून 'ह' झाला आणि शेवटी नुसता सूर उरला. ऐकायला हवेतलं वाटतं. पण याचा एक साक्षीदार आपल्याकडचा आहे. बौद्ध ग्रंथ चिनीत नेणाऱ्यांना भारतीय नावं चिनी अक्षरांत लिहावी लागत. एडविन पुलीब्लँक यांनी १९६२ मध्ये अशा नोंदी तपासल्या. वाराणसी तीन अक्षरांत लिहिलेली आहे, आज त्यांचा उच्चार 'पो-लुओ-नाय'. शेवटचं अक्षर 'जाणाऱ्या' सुराचं. वाराणसीतला 'स' कुठे गेला? तो त्या सुरातच आहे! लिहिणाऱ्याच्या काळी त्या अक्षराच्या शेवटी 'स'सारखा आवाज होता, म्हणून तर त्याने ते निवडलं. काशीचं नाव जपून ठेवणाऱ्या एका भिक्षूमुळे चिनी भाषेचा हरवलेला आवाज ऐकू आला.

तर नाकाचा गाभा 'बित'. एका रूपाला मागे 'स' लागला, 'बित्स', तो झिजून 'बी' झाला आणि कोशात बसला. दुसरं रूप 'स' न लागता 'बित' राहिलं आणि उत्तरेकडच्या बाजारात, स्वयंपाकघरात, पडशाच्या तक्रारीत जगलं. आज पेइचिंगमध्ये बोललं जातं ते हेच, कोशाने न घेतलेलं.

आणि 'स्वतः'? विल्यम बॅक्स्टर आणि लोरां सागार यांनी २०१४ मध्ये प्राचीन चिनीची जी फेरमांडणी छापली, तीत 'स्वतः' आहे 'स्बित्स'. म्हणजे तोच गाभा, पुढे एक 'स'. 'स्ब'चा गुंता जिभेला झेपेना, त्याचा 'जवळ'मधला ज झाला, आणि पुढे 'त्स'. ही मांडणी सगळ्यांना मान्य नाही, पण ती धरली तर शू शेनची ती ओळ एकदम लख्ख होते. 'स्वतः' नाकासारखं वाचा, असं तो म्हणाला, कारण दोन्ही शब्द कधीकाळी जवळजवळ सारखे ऐकू येत होते. नाकाचं चित्र 'पासून' आणि 'स्वतः' यांना मिळालं ते एवढ्यासाठी. बोट नाकाकडे जातच असेल, पण ते अक्षर तिथे कानाने नेलं.

हे सगळं वाचून 'आपलं बरं आहे बुवा, देवनागरीत बोलतो तसंच लिहितो' असं वाटलं असेल, तर एक छोटा प्रयोग करा. कागदावर 'जग' लिहा आणि दोन माणसांना वाचायला द्या. एक वाचेल 'दुनिया' या अर्थाचं जग, दुसरा वाचेल 'जगून घे' मधलं जग. दोन वेगळे ज, अक्षर एकच. 'चार' आणि 'चारा' यांचंही तेच. हा फरक आपल्या बाराखडीत नाही, रोजच्या शुद्धलेखनात नाही. तो आजीने आईला, आईने आपल्याला तोंडी दिलाय. पुण्या-मुंबईत वाढणारी, मराठी मुख्यतः वाचून शिकणारी मुलं आता 'चमचा' हिंदीसारखा म्हणतात. आपण हसतो, दुरुस्त करत नाही.

नाकाचा 'बित' कोशाबाहेर हजार वर्षं टिकला, कारण बोलणारे होते. आपल्या 'जवळ'मधल्या ज ला तेवढंच हवंय. घरात लहान मूल असेल तर आज त्याला 'जवळ' म्हणायला लावा.

भेटू पुढच्या शनिवारी.